अर्धा सेकंद उशिरा

६ जुलै २०२५, अनसिंग

निवृत्तीच्या कार्यक्रमात उपकेंद्रातल्या मंडळींनी शाल, नारळ आणि ही डायरी दिली. शाल कपाटात गेली, नारळाची चटणी झाली, डायरी उरली. चौतीस वर्षं मी लाइनमन होतो. रोजचा फॉल्ट रोज रजिस्टरात चढवल्याशिवाय मला जेवण जात नाही, म्हणून लिहितो आहे.

आजचा फॉल्ट असा की माझ्या घरात तारेशिवाय चित्र आलं.

आमची मुलगी वैजयंती पुण्याला कंपनीत आहे. पोळ्यापर्यंत घरूनच काम करायचं ठरवून परवा आली. संध्याकाळी तिनं खिडकीजवळच्या टेबलावर लॅपटॉप उघडला, त्यात मोटारींच्या शर्यतीचा गेम लावला, काहीतरी दाबलं, आणि तोच गेम समोरच्या भिंतीवरच्या टीव्हीत दिसू लागला. दोघांच्या मधे पंधरा फूट बैठक आणि एक पंखा. मी टीव्हीच्या मागे हात घालून चाचपलं. धूळ होती.

"वाय-फायवरून येते, बाबा," ती म्हणाली. "हवेतून."

ज्या माणसानं या भागात खांबाखांबावर चढून वीज पोचवली, त्याला त्याच्याच घरात हे ऐकवलं गेलं. मी म्हटलं, हवेतून सर्दी येते. आमच्या सौ. विजयमाला हसल्या. इथवर ठीक होतं. पण खाटेवर बसलेले आबाही हसले.

आबा म्हणजे माझे वडील, उकंडराव, वय एक्क्याऐंशी. ते घरात सगळ्यांशी बोलतात. शेळीशीही बोलतात. माझ्याशी बोलत नाहीत. दोन वर्षांपूर्वी ते अकोल्याला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गेले असताना मी त्यांची बैलजोडी बाजारात नेऊन विकली. वाही-पेरी तेव्हाच ट्रॅक्टरवर गेली होती, जोडी नुसती उभी राहून खात होती आणि आबांच्यानं आता शेणसुद्धा ओढवत नव्हतं. माझं म्हणणं बरोबरच होतं. आबा डोळ्यावर हिरवी पट्टी घेऊन आले, रिकाम्या गोठ्यात जाऊन उभे राहिले, आणि तेव्हापासून अबोला आहे. आज सातशे एकोणनव्वदावा दिवस. मी काही मोजत नाही.

८ जुलै

बिनतारी प्रकाराची रीतसर तपासणी केली. खेळताना प्रत्येकानं हातात धरायचा एक रिमोट असतो. त्याचं बटण दाबलं की टीव्हीतली मोटार लगेच वळत नाही. मोबाइलच्या घड्याळावर बावीस वेळा मोजलं. सरासरी उशीर अर्धा सेकंद. म्हणजे वळण दिसलं, तुम्ही दाबलं, तोवर मोटार भिंतीत. वैजयंती भिंतीत गेली. मी भिंतीत गेलो. शेजारचे भिवाजीकाका खास बघायला आले होते, तेही गेले.

मग वैजयंतीनं रिमोट आबांच्या हातात दिला. त्यांना सायकलसुद्धा येत नाही. ते टीव्हीकडे पाहत, तोंडानं "हो, हो, थ्थे" करत बसले, आणि त्यांची लाल मोटार एकदाही न घासता सगळी वळणं घेऊन पहिली आली.

योगायोग म्हणून सोडून दिलं. दुसऱ्यांदाही पहिली आली तेव्हा मी उठून पंखा बंद केला. पंख्यानं हवा ढवळली जाऊन सिग्नल एकाच बाजूला जास्त जात असावा, अशी शंका होती. तिसऱ्यांदाही आबाच.

"सूनबाई," आबा म्हणाले, "त्याले सांग, पंखा लाव. उकडून राह्यलं."

विजयमालांनी ते मला सांगितलं. मी चार फुटांवर उभा होतो.

११ जुलै

भिवाजीकाका रोज येतात आणि रोज हरतात. त्यांचं आणि आबांचं जुनं आहे. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी शंकरपटात दोघांच्या बैलजोड्या बरोबरीनं पळाल्या होत्या आणि पंचांनी पहिला नंबर आबांना दिला होता. काका तो निकाल अजून मानत नाहीत. आज हरल्यावर रिमोट खाली ठेवून म्हणाले, "उकंडा, हे काई खरं नाई. मी दाबून राह्यलो अन् गाडी आयकून नाई राह्यली. जगदेवा, तू लाइनमन माणूस. तार टाक."

आबा भिंतीकडे पाहून म्हणाले, "तार टाकाले त्याले सांगाच लागत नाई."

ही स्तुती आहे की काय, कळलं नाही. तरी बरं वाटलं.

१३ जुलै

वाशीमहून पंधरा मीटरची एचडीएमआय वायर आणली. दुकानदार म्हणाला, जमिनीवरून सोडून द्या. अशी माणसं दुकानं घालून बसतात. बैठकीतून स्वयंपाकघरात जायची वाट आहे, आणि वाटेवरून जाणारी तार जमिनीपासून किती उंच हवी याला नियम आहे. नियमानं गेलो असतो तर छत फोडावं लागलं असतं, म्हणून साडेसात फुटांवर तडजोड केली. रंगाच्या रिकाम्या डब्यात सिमेंट भरून बैठकीच्या मधोमध सागाचा खांब उभा केला, त्याला जमिनीपर्यंत तिरक्या तारेचा ताण दिला, वर चिनीमातीचे दोन इन्सुलेटर बसवले. माळ्यावर एक जुना धोक्याचा बोर्ड सापडला, कवटीचा. तोही लावला.

विजयमाला बराच वेळ कवटीकडे पाहत होत्या. "पाव्हणे आले तं काय सांगू?"

"हात लावू नका म्हणून सांग," मी म्हटलं.

१५ जुलै

लाइन चालू केली. बटण दाबलं की मोटार वळते. उशीर शून्य. चौतीस वर्षांत इतकं स्वच्छ काम माझ्या हातून झालं नसेल. वैजयंती पहिली आली, भिवाजीकाका दुसरे आले आणि आनंदानं त्यांनी खांबाला पाठ घासली.

आबा शेवटचे. प्रत्येक वळणावर भिंतीत. विशेष म्हणजे वळण यायच्या आधीच ते वळतात आणि आतल्या कठड्यावर जाऊन आदळतात. वयोमानानं अंदाज चुकत असणार, नाहीतर लाइनमध्ये काडीचा दोष नाही. चार वेळा आदळल्यावर त्यांनी रिमोट खाटेवर ठेवला.

"सूनबाई, त्याले सांग, हा बी नेला त्यानं."

काय नेलं, म्हणून मी विचारलं. ते शेळीला पाला टाकायला निघून गेले. जाताना खांबाच्या ताणात पाय अडकला, पण माझ्या हाताला धरलं नाही, शेळीच्या दोरीला धरलं.

१८ जुलै

परमिट पद्धत सुरू केली. लाइनवर एक माणूस चढला असताना दुसऱ्यानं वीज सोडू नये म्हणून आमच्याकडे लेखी परवानगी असते, तिला परमिट म्हणतात. आता गेम खेळणाऱ्यानं माझ्याकडून परमिट घ्यायचं. नाव, वेळ, कारण. वैजयंतीनं कारणाच्या रकान्यात "करमत नाही" लिहिलं. मंजूर केलं. भिवाजीकाकांनी "बदला" लिहिलं. तेही मंजूर.

आबांनी अर्ज केला नाही. केला असता तर मी बसल्या जागी सही केली असती. पण त्यासाठी त्यांना माझ्याकडे यावं लागलं असतं, काहीतरी मागावं लागलं असतं. पद्धत मी त्यासाठीच काढली होती. हे इथंच लिहून ठेवतो, दुसरीकडे सांगण्यासारखं नाही.

२४ जुलै

आबांना डोळे तपासायला वाशीमला नेलं. यायला ते तयार झाले, कारण त्यांना विचारलं विजयमालांनी.

डॉक्टरांनी मला विचारलं, यांना टीव्ही नीट दिसतो का. मी म्हटलं, त्यांनाच विचारा, माझ्याशी बोलत नाहीत. आबा डॉक्टरांना म्हणाले, "दिसते ना. तार येच्या आधी लय चांगलं दिसे."

कोणती तार, असं डॉक्टरांनी मला विचारलं. मी खांब, ताण, इन्सुलेटर, कवटी, सगळं कागदावर काढून समजावलं. त्यांनी आबांचे डोळे तिथंच सोडले आणि माझं ब्लड प्रेशर घेतलं.

आबांची नजर ठणठणीत आहे. माझं प्रेशर वाढलेलं आहे, गोळी सुरू झाली.

परत येताना एसटीत आबा खिडकीशी आणि मी शेजारी. रस्त्यानं एक बैलबंडी चालली होती. दिसेनाशी होईपर्यंत आबा मान वळवून पाहत राहिले. मी म्हटलं, चांगली जोडी होती. मग माझी मीच मान हलवली.

२८ जुलै

फॉल्ट. मी पोस्टात गेलो असताना लाइन बंद. टीव्हीतला प्लग सुटलेला. गेम बिनतारीवर चालू, आबा पहिले. कारण अज्ञात.

३१ जुलै

फॉल्ट. मी दळण आणायला गेलो असताना. प्लग सुटलेला, आबा पहिले. कारण बहुधा उंदीर.

४ ऑगस्ट

फॉल्ट. मी आंघोळीला गेलो असताना. प्लग सुटलेला, आबा दोनदा पहिले. वायरवर दाताची खूण नाही. उंदीर वयस्कर असावा.

९ ऑगस्ट

राखीला बहिणीकडे कामरगावला गेलो होतो. दिवसभर लाइन बंद. आबा अकरा वेळा पहिले आले, असं वैजयंतीनं आनंदानं सांगितलं. उंदीर एकापेक्षा जास्त आहेत. टीव्हीखाली पिंजरा लावला, आत भाकरीचा तुकडा.

"उंदीर लय समजदार हाये," विजयमाला म्हणाल्या. "तुमी घरी असले का येत नाई."

माझंही हेच निरीक्षण आहे.

१० ऑगस्ट

पिंजऱ्यात शेळीनं तोंड घातलं. सोडवायला दीड तास.

१४ ऑगस्ट

गावात दोन पक्ष पडले आहेत, तारवाले आणि बिनतारी. तारवाल्यांचं म्हणणं, माणसानं दाबलं तेव्हाच वळलं पाहिजे, नाहीतर ती लबाडी. बिनतारींचं म्हणणं, जो उशीर सगळ्यांना सारखाच आहे त्यात लबाडी कसली. मी जन्माचा तारवाला, पण चर्चेचा दर्जा दोन्हीकडे यथातथाच आहे. केशकर्तनालयात एकाची अर्धीच दाढी झाली, कारण करणारा बिनतारी निघाला.

भिवाजीकाकांनी पोळ्याच्या दिवशी आबांना जाहीर आव्हान दिलं आहे. जुन्या पटाचा निकाल एकदाचा लागू दे म्हणतात. मारुतीच्या पारावर बैठक बसली. जाणत्यांनी असं ठरवलं की तीन फेऱ्या घ्यायच्या. पहिली तारेवर, दुसरी बिनतार, तिसरी पंच म्हणेल तशी. पंच म्हणून तांत्रिक माणूस हवा, म्हणून मला नेमलं.

आबा पाराच्या टोकाशी बसले होते. शेजारच्या माणसाला म्हणाले, "निकाल आताच लिहून घ्या मंग. तिसरी तारेवरच होते."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. कारण खरंच मी तारेवरचीच म्हणणार होतो.

२१ ऑगस्ट

आज खांदमळणी. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-लोण्यानं मळून त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं असतं. गेली दोन वर्षं या दिवशी आबा आतल्या खोलीत दार लावून बसायचे. आज लोण्याची वाटी घेऊन गोठ्यात गेले. पाट मांडला. पाटावर रिमोट ठेवला.

मी धावतच स्पिरिट आणि कापूस घेऊन गेलो. इलेक्ट्रॉनिक वस्तूला लोणी म्हणजे काय. पण दाराशी पोचलो आणि पाय पुढं गेला नाही. रिमोटला दोन्ही बाजूंना उंचवटे असतात. आबा ते अंगठ्यानं मळत होते, सावकाश, आधी डावा, मग उजवा. मग हात जोडून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

वैजयंती त्यांच्याजवळ बसली होती. तिनं विचारलं, "आबा, तारेवर तुमाले काहून जमत नाई?"

"माय, बैल का बटन दाबल्यावानी वळते? आपुन सांगतो, तो आयकते, मंग पाय उचलते. तेवढ्यात अर्धा कदम पुढं गेलेला रायते. म्हणून वावराचा धुरा, बांध, येच्या आधीच त्याले सांगा लागते. साठ साल म्या तसंच सांगलं. तुह्या बापाच्या तारेवरची गाडी दाबल्याबरोबर वळते. तिले आयकाची गरज नाई, मले बोलाची गरज नाई. मंग म्या तिथं कायले बसू?"

मी स्पिरिटची बाटली घेऊन दारामागे उभा होतो. त्यांना मी दिसलो नाही, किंवा दिसलो असेन.

घरात आलो तेव्हा विजयमाला पुरणाची डाळ निवडत होत्या. मी म्हटलं, उंदीर तूच ना. त्या म्हणाल्या, "म्या अन् वैजू. पाळीपाळीनं." मी पिंजरा उचलून माळ्यावर ठेवला.

जोडी विकणं चूक नव्हतं, असं मी दोन वर्षं सगळ्यांना पटवत आलो. शेणाचं कारण सांगितलं, ट्रॅक्टरचं सांगितलं. पण आबा घरी असताना मी ती नेली नाही. ते गेल्यावर नेली. ते बोलतील म्हणूनच तेव्हा नेली. मी चुकलो. इथं चढवतो आहे.

२२ ऑगस्ट, पोळा

तोरणाखाली यंदा गावात मोजून नऊ जोड्या आल्या. पोळा फुटला तसा सगळा गाव आमच्या बैठकीत आला. जागा नव्हती म्हणून काही खिडकीत बसले. दोघं खांबाला धरून उभे होते, त्यांना मी बोर्ड वाचायला लावला. आबांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं आणि रिमोटला गोंडा बांधला होता. भिवाजीकाकांच्या रिमोटला त्यांच्या सुनेनं झूल शिवली होती, त्यामुळे त्यांना बटणं शोधावी लागत होती.

पहिली फेरी तारेवर. आबा पहिल्याच वळणाला आत वळून कठड्यावर गेले, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. भिवाजीकाका जिंकले. दुसरी बिनतार. काका दोनदा भिंतीत गेले, आबांना एक ओरखडा नाही. आबा जिंकले.

मग सगळे माझ्याकडे पाहू लागले. काका म्हणाले, "जगदेवा, तू तारेचा माणूस. तुह्या नोकरीची लाज राख." आबा भिंतीकडे पाहत होते. भिंतीवर पाहण्यासारखं काहीच नाही, कॅलेंडरही तिकडे नाही.

मी स्टूल घेतलं, वर चढलो आणि टीव्हीतला प्लग काढला. प्लग काढून भागलं असतं. पण एकदा हात लागल्यावर मी इन्सुलेटरवरची तारही सोडवली, खांबापासून टेबलापर्यंत सगळी उतरवली आणि हातावर गुंडाळी करून ठेवली. माझ्या उभ्या नोकरीत मी चालू लाइन कधी उतरवली नव्हती.

खिडकीतून कुणीतरी ओरडलं, "पंच फुटला."

"हो, फुटला," मी म्हटलं. "वडील आहेत माझे."

तिसरी फेरी सुरू झाली.

अर्ध्या वाटेपर्यंत आबा पुढं होते. मग भिवाजीकाकांनी झूल काढून फेकली, डोळे बारीक केले, आणि त्यांच्याही तोंडून "हो, थ्थे" निघालं. त्यांनीसुद्धा जन्मभर बैलच हाकले होते, हे आम्ही सगळे विसरलो होतो, बहुतेक तेही विसरले होते. आता काकांची गाडीही वळणाआधी ऐकू लागली. दोघं म्हातारे खाटेच्या कडेला उकिडवे बसून, टीव्हीकडे मान पुढं काढून, आपापल्या मोटारीला समजावत होते, दटावत होते, मधेच लाडात घेत होते. शेवटच्या वळणावर आबांचा अंगठा कालच्या लोण्यावरून घसरला. भिवाजीकाका नाकाच्या अंतरानं जिंकले.

काकांनीच आधी तोंड उघडलं. "उकंडा, आज पट माहा."

"व्हय," आबा म्हणाले. "तुहा."

मग त्यांनी रिमोट समोर जमिनीवर ठेवला आणि त्याच्यावर तळहात ठेवून बसले. त्यांचा स्वतःचा श्वास वर-खाली होत होता. मला वाटलं, संपलं. मीच हरवलं असंही वाटलं, कारण लोणी पुसायला स्पिरिट घेऊन गेलो होतो आणि दारातूनच परतलो होतो. आबांनी मान उचलली आणि भिंत सोडून माझ्याकडे पाहिलं.

"जगदेव."

विजयमालांच्या हातात पुरणपोळ्यांचं ताट होतं, ते त्यांनी खाली ठेवलं.

"त्याले पाणी दाखव," आबा म्हणाले.

कुणाला, असं मी विचारलं नाही. मोरीतून बादली भरून आणली. लोक बाजूला सरकले, वाट दिली. मी रिमोटच्या पुढं वाकलो आणि बादली खाली ठेवणार, तेवढ्यात आबांनी हातानं अडवलं.

"घाई करू नोको. एवढं पयून आला तो. पयले दम खाऊ दे त्याले."

मी बादली धरून उभा राहिलो. गावातलं एकही माणूस हसलं नाही. हात भरून आले, तरी आबा सांगेपर्यंत खाली ठेवली नाही.